मेलेल्यांचा हजेरीपट



वसंत ऋतू, झाडांना कैऱ्या धरलेल्या, संध्याकाळची वाऱ्याची वेळ, आणि व्याख्याता उभा राहतो तो थडग्यांवर बोलायला! चालकांना मी विषय कळवला तेव्हा ते घटकाभर गप्पच बसले. मग म्हणाले, "कामगार चळवळीवर बोला की. लोकांची तीच अपेक्षा असणार." मी म्हटले, विषय तोच आहे, फक्त जरा जुना आहे.

मी पेशाने कामगार संघटनेचा कार्यकर्ता. पुरातत्त्व शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि सुटीच्या दिवशी पायपीट करून. तेव्हा पंडिताची अधिकारवाणी माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. मात्र माझ्या धंद्याने मला एक सवय लावली आहे. कुठल्याही कारखान्यात शिरलो की मी आधी हजेरीपट मागतो. कोण कायम, कोण बदली, कोण ठेकेदाराचा, आणि कोण रोज राबतो पण ज्याचे नावच नाही, हे सारे त्या एका वहीतून समजते. फार प्राचीन समाजांनी अशा वह्या ठेवल्या नाहीत. पण त्यांनी आपली माणसे कशी पुरली, कुठे पुरली, त्यांच्यासोबत काय ठेवले, हे जमिनीखाली शाबूत राहिले आहे. माझ्या मते तोच त्यांचा हजेरीपट होय. आज तो उघडून पाहायचा आहे. आणि पाहता पाहता आपल्याला आपल्याच उल्हास नदीच्या मुखापाशी, साष्टी बेटावर जायचे आहे.

खडकात कोरलेली थडगी म्हटली की जाणकारांना आधी भूमध्य समुद्रातली बेटे आठवतात. त्यातले माल्टा हे बेट आपल्या साष्टीपेक्षाही लहान. तिथे १९०२ साली घरे बांधण्यासाठी मजूर पाण्याच्या टाक्या खोदत होते. खोदता खोदता खालचा खडक फुटला आणि आत पोकळी निघाली. उतरून पाहतात तो एकाखाली एक असे तीन मजले, दालनामागे दालन, सारे मऊ चुनखडकात कोरलेले. इसवी सनापूर्वी सुमारे ४००० पासून २५०० पर्यंत लोक तिथे आपले मृत आणून ठेवीत होते. आतल्या हाडांवरून सुमारे ७००० माणसांचा अंदाज बांधला गेला. कोरणाऱ्यांजवळ लोखंड तर नव्हतेच, तांबेही नव्हते. सांबरशिंगे, गारगोटी आणि ज्वालामुखीची काळी काच, एवढीच हत्यारे; आणि ती काचसुद्धा माल्टाची नव्हे, दुसऱ्या बेटांवरून होडीने आणलेली. पहिली खोदाई एका पाद्रीबुवांनी केली. ते १९०७ साली परदेशात वारले आणि त्यांच्या टिपणवह्या नाहीशा झाल्या. हजेरीपट गहाळ होण्याचे प्रकार सर्वत्र आहेत!

इतके दूर जायचे नसेल तर केरळात जावे. त्रिचूर जिल्ह्यात कुन्नमकुळमच्या आसपास, चोव्वन्नूर, कट्टकंबाल या गावांत, जमिनीखाली कोरलेल्या खोल्या आहेत. १९५६ साली य. द. शर्मा यांनी त्यांचे सविस्तर वर्णन छापले. आधी जमिनीत चौक खोदायचा, पायऱ्यांनी खाली उतरायचे, मग वाकून आत जावे लागेल असे ठेंगणे दार, आणि आत घुमटासारख्या छताची खोली. कडेने ओटा, काही ठिकाणी छताला गोल भोक. हे शक्य झाले ते दगडामुळे. तो दगड म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरे बांधतात तो जांभा. खाणीतून ताजा निघतो तेव्हा कुऱ्हाडीनेही तासता येतो, आणि वारा लागला की कडक होतो.

मग आपल्या घाटावर अशी थडगी का नाहीत? कारण आपला दगड. सह्याद्रीचा काळा फत्तर गारगोटीने कोरता येत नाही. त्याला पोलादी टाकी लागते, टाकीला पाणी देणारा लोहार लागतो, आणि त्या दोघांना महिनोन् महिने पोसणारा कोणी तरी लागतो. तशी जुळवाजुळव आपल्याकडे व्हायला इसवी सनापूर्वीची शेवटची दोन-तीन शतके उजाडली. त्याआधी आपल्या लोकांनी मृतांसाठी जे वापरले ते साधे होते. माती, मडकी, आणि न कोरलेले धोंडे.

त्या मातीच्या थडग्यांपैकी सर्वांत बोलके गाव म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी, तिथे हंगामामागून हंगाम खोदकाम केले. शंभरावर घरे आणि अडीचशेवर दफने त्यांनी उजेडात आणली. वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली. म्हणजे हे आपल्या मुलखातले पहिले शेतकरी म्हणायला हरकत नाही.

या दफनांत बहुसंख्य आहेत ती लहान मुलांची. मूल गेले की दोन मडकी घ्यायची, मूल आत ठेवायचे, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची, आणि ती जोडी आडवी करून घरातच, जमिनीखाली पुरायची. गावाबाहेर नाही, माळावर नाही. ज्या जमिनीवर आई दळत होती, जिथे थोरले भावंड रांगत होते, त्याच्या हातभर खाली. याच्या कारणांची शास्त्रीय चर्चा पुष्कळ झाली आहे. मला ती वाचताना एवढेच वाटत राहिले, की या बाईने रोज सकाळी ती जागा शेणाने सारवली असेल.

नेवाशाला १९५४ नंतर जे खोदकाम झाले त्यात अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. मण्यांच्या आत ओवलेल्या धाग्याचे तुकडे शिल्लक होते. तांब्याला गंज चढतो त्याचे क्षार धाग्यात मुरतात आणि धागा कुजत नाही, म्हणून ते राहिले. तपासणीत कापूस आणि रेशीम दोन्ही आढळले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीलाही अशाच मण्यांत धागा मिळाला, तो जवसाच्या वाखाचा. इथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी गिरणीत काम केलेले असेल. त्यांना सांगावेसे वाटते, की आपल्या धंद्याचा इतका जुना पुरावा एका लेकराच्या गळ्यातून मिळाला आहे.

मोठ्या माणसांची रीत निराळी. त्यांना खड्ड्यात उताणे निजवीत, डोके उत्तरेला. उत्तरेकडे डोके करून निजू नका असे आपल्या आज्या बजावीत आल्या. त्या बजावण्याचे मूळ किती खोल असू शकते ते यावरून ध्यानात येईल. पण खरी चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. या मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले आहेत. मेल्यावर तोडलेले. अभ्यासक म्हणतात, मृताने उठून चालू लागू नये, भूत होऊन परत येऊ नये, यासाठी ही तजवीज असावी. कोकणात पिशाच्चांचे पाय उलटे असतात असे सांगणारा समाज आपण. पायांविषयीची ही धास्ती आपल्याला अगदीच परकी वाटू नये.

आता हजेरीपटातले ते एक पान पाहा, ज्याच्यासाठी मी इनामगावाला इतका वेळ दिला. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचे एक घर निघाले. शेजारी धान्याचे कोठार. या घराच्या अंगणात एक विलक्षण रांजण सापडला. कच्च्या मातीचा, फुगीर पोटाचा, खाली चार पाय असलेला. त्यात चाळिशीतला एक पुरुष बसवलेला होता. मांडी मोडून, बसल्या बसल्या. आणि त्याचे पाय शाबूत होते.

कोण हा? ढवळीकरांनी त्याला गावाचा प्रमुख मानले आणि मला ते पटते. गावाच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे काम करणारे राहत. मध्यभागी सधन शेतकरी. नदीचे पाणी वळवायला गावाने सुमारे १२० मीटर लांबीचा पाट खोदला होता. तो खोदायला सारे गाव लागले असणार, आणि कोणाच्या तरी हुकमाने लागले असणार. कोठार ज्याच्या दाराशी, त्याचेच पाय राहिले. बाकीच्यांचे गेले.

आमच्या चळवळीतले काही मित्र एवढे ऐकले की टेबलावर मूठ आपटतात. त्यांना मी जरा थांबवतो. एका रांजणावरून सबंध वर्गलढ्याची पोथी लिहिता येत नाही. ज्याला बसवले त्याचे पाय तोडायचे कारणही कदाचित पडले नसेल. शिवाय पाय तोडणारे हात वैऱ्याचे नव्हते, घरच्यांचेच होते, आणि त्यांनी मृताजवळ जेवणाची भांडीही ठेवली. पण एवढे मात्र निश्चित म्हणता येते. इसवी सनापूर्वी हजार वर्षांच्या सुमारास आपल्या मुलखात एका माणसाचे मरण बाकीच्यांच्या मरणाहून वेगळे धरले जाऊ लागले होते. मरणाने सारे सारखे होतात असे आपण म्हणतो. इनामगावात तरी झाले नव्हते.

विदर्भात गेलो की दृश्य पालटते. नागपूरच्या आसपास माळरानांवर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. एकट्या जुनापाणीला ती तीनशेच्या घरात मोजली गेली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्यातली काही उकरली. पुढे टाकळघाट-खापा, माहूरझरी, नैकुंड इथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर खोदकाम केले. धोंड्यांच्या वर्तुळात माती-मुरमाची भर आणि खाली मृताच्या अस्थी. हे लोक घोडेस्वार होते. माहूरझरीला माणसाबरोबर घोडा निघाला. घोड्याच्या तोंडात लोखंडी लगाम, मुखावर तांब्याच्या पत्र्याचा साज.

घोड्याचे कौतुक सगळेच करतात. माझे लक्ष मात्र मृताजवळच्या लोखंडाकडे गेले. कुऱ्हाडी, छिन्न्या, वाकस, खिळे. सुतार नि लोहार यांच्या पिशवीत आजही जे निघेल तेच. नैकुंडला तर वस्तीत लोखंड गाळायची भट्टीच सापडली, मातीच्या वक्र विटांची, भात्याची नळी बसवलेली; काळ इसवी सनापूर्वी सुमारे ७००. म्हणजे हत्यारे गावातच बनत होती, आणि तरी ती जमिनीत पुरून टाकायला हे लोक तयार होते. ज्या काळात एक कुऱ्हाड घडवायला खनिज वेचण्यापासून कोळसा पाडण्यापर्यंत किती माणसांचे किती दिवस जात असतील त्याचा विचार करा, म्हणजे मृताला हत्यार देणे हा केवढा खर्च होता ते कळेल. आज त्याच वर्तुळांतले धोंडे कित्येक ठिकाणी खडीसाठी आणि जोत्यांसाठी उचलले गेले आहेत. त्याबद्दल गावकऱ्याला बोल लावण्यापेक्षा मला वाटते, त्या धोंड्यांत काय आहे हे त्याला कोणी कधी सांगितले होते का, ते आधी विचारावे.

आता घाट उतरू. कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण असा आपला उल्हास नदीचा रस्ता. कल्याणच्या पुढे हीच नदी खाडी होते आणि वसईला समुद्राला मिळते. एका अंगाला ही खाडी, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि मधला जो मुलूख तो साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असे म्हणतात. १८५४ साली ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी कल्याणला आली. तेव्हापासून ते बेट आहे हे आपण विसरत चाललो. पण दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या माणसाला तिकडे जायचे तर नावेतच बसावे लागे.

या साष्टीच्या मध्यावर, आता ज्याला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान म्हणतात त्या डोंगरात, कान्हेरीची लेणी आहेत. जुने नाव कण्हसेल, कृष्णगिरी, काळा डोंगर. शंभरावर लेणी, हजार वर्षांची वस्ती. सहल नेतात ती मोठे चैत्यगृह पाहते, बुद्धाच्या उंच मूर्तींखाली फोटो काढते आणि परत फिरते. मी तुम्हाला सांगणार आहे ती जागा सहसा कोणी पाहत नाही. डोंगराच्या एका कडेला वरचा खडक पडवीसारखा पुढे आला आहे, आणि त्याच्या आडोशाला ओळीने विटांची वर्तुळाकार जोती आहेत. शंभराच्या आसपास. हे स्तूप होते. या मठात जे ज्येष्ठ भिक्षू वारले, त्यांचे दहन होई आणि अस्थी या स्तूपांत ठेवल्या जात. अभ्यासक या जागेला निर्वाणवीथी म्हणतात. खडक आहे, बेट आहे आणि मृत आहेत. माल्टाच्या जवळ जाणारी आपली जागा हीच.

या जागेवरचे लेख डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी वाचले. विटांच्या ढिगाऱ्यातल्या दगडांवर बारीक अक्षरांत कोरलेले ते स्मृतिलेख, सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातल्या लिपीतले. स्थविरांची नावे, आणि त्याने आयुष्यात कोणती पायरी गाठली होती ते. कोणी अर्हत, कोणी सहा अभिज्ञा मिळवलेला. इथे घोडा नाही, हत्यार नाही, जेवणाचे भांडेही नाही. नाव आणि साधना, इतकेच. ही चाल त्याहून जुनी आहे. मावळात भाज्याला चौदा स्तूपांचा एक घोळका आहे आणि त्यांतल्या काहींवर थेरांची नावे आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. बेडसे इथे गोभूती नावाच्या रानात राहणाऱ्या, भिक्षा मागून खाणाऱ्या भिक्षूचा स्तूप आहे, तो त्याच्या शिष्याने करवला. इनामगावाच्या रांजणापाशी मी जे बोललो ते ध्यानात ठेवून याकडे पाहा. कोठार ज्याच्या दाराशी त्याचा मान, ही एक रीत. आणि ज्याच्याजवळ भिक्षापात्राखेरीज काही नाही त्याचा मान, ही दुसरी. मधे काही शतके गेली, आणि बुद्ध होऊन गेला.

कान्हेरीचा आणखी एक स्तूप उल्हासनगरच्या मंडळींसाठी सांगतो. मोठ्या चैत्यगृहापुढचा एक स्तूप १८३९ साली डॉ. बर्ड यांनी उघडला. आत रक्षेचे तांब्याचे कलश आणि एक ताम्रपट निघाला. त्रैकूटक राजांच्या राज्याचे २४५ वे वर्ष, म्हणजे इसवी सन ४९४-९५, त्यावर आहे. आणि चैत्य करवणाऱ्याचे नाव आहे बुद्धरुची, राहणार कनक गाव, सिंधू देश. बंधूंनो, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून उठून जी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली, ज्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले, त्यांच्या आधी सुमारे साडेचौदाशे वर्षे एक सिंधी याच खाडीच्या पलीकडे येऊन आपल्या श्रद्धेचा स्तूप बांधून गेला. तो स्वतःच्या मर्जीने आला होता, एवढा फरक.

नावे मिळाली ती स्थविरांची आणि दात्यांची. मग ज्यांनी हा फत्तर फोडला त्यांचे काय? कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहात एक लेख आहे, यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी हे चैत्य करवले असे त्यात म्हटले आहे. देखरेख करणाऱ्या भिक्षूंचा उल्लेख आहे. आणि पुढे सेलवढकी, म्हणजे दगड कोरणारे, मिठिक, म्हणजे घोटाई करणारे, अशा कामगारांच्या वर्गवाऱ्या येतात. मी पहिल्यांदा हे वाचले तेव्हा फार आनंदलो. चला, आपली माणसे शिलालेखात आली! मग पुन्हा वाचले. वर्ग आले होते. माणसे नव्हती.

याचा मला इतका चटका का बसला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच टापूतल्या एका दगडखाणीत दरड कोसळून एक माणूस गेला. त्याच्या बायकोला नुकसानभरपाई मागायची तर तो त्या खाणीवर कामाला होता हे दाखवायला हवे. आम्ही हजेरीपट मागवला. त्या तारखेला लिहिले होते, "पुरुष मजूर: ९". नाव एकाही मजुराचे नाही. त्या नवांत तो होता हे सिद्ध करायला आम्हाला दीड वर्ष लागले, आणि ते सिद्ध झाले तेही मालकाच्या वहीवरून नव्हे. खाणीच्या नाक्यावर चहाची टपरी चालवणाऱ्याच्या उधारीच्या वहीवरून. तिच्यात त्याचे नाव होते, कारण त्याच्याकडून पैसे येणे होते.

तरी कान्हेरीची वही अगदीच निर्दय नाही. दात्यांच्या यादीत कल्याणची माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांत सारेच सावकार नाहीत. सामिदत्त नावाच्या कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवून दिले. आणि कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. लेखात त्याला कमार म्हटले आहे. व्यापाऱ्याने चैत्य दिले, सोनाराने पाणी दिले, आणि लोहाराला परवडली ती वाट. जिवंत भिक्षू त्या डोंगरातल्या वाटांवरून भिक्षेला खाली उतरत आणि मेलेले भिक्षू अशाच वाटांवरून निर्वाणवीथीकडे नेले जात.

साष्टीवरच, बोरिवलीजवळ एकसरला, शिलाहार काळातले सहा वीरगळ आहेत. माणसाहून उंच शिळा, खालपासून वरपर्यंत कप्पे. लढाई, वल्ह्यांची जहाजे, वीराचा मृत्यू, मग अप्सरा, शेवटी शिवलोक, आणि माथ्यावर कलश. काहींवर समुद्रातली लढाई आहे; ती १२६५ च्या सुमारास शेवटचा शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात झाली तीच असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आपल्या अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, याच शिलाहारांचे. वीरगळाच्या वरच्या कप्प्यात वीर कैलासाला पोचतो. वल्ही खालच्याच कप्प्यात राहतात.

बेटावर स्तूप बांधायची ही चाल संपली असे कोणी समजू नये. साष्टीच्या दक्षिणेला मुंबई बेट. तिथे दादरच्या समुद्रकाठी ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी उभारलेल्या स्तूपाचे, चैत्यभूमीचे, उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांच्या स्नुषा मीराताई यांनी केले. दर ६ डिसेंबरला अंबरनाथ-बदलापूरच्या गाड्यांतून, हातात मेणबत्ती नि फुले घेऊन, पांढऱ्या कपड्यांतली माणसे दादरला उतरतात ते आपण सारे पाहतो. कान्हेरीच्या वीथीत भिक्षूंची नावे कोरून ठेवणारी मंडळी आज असती तर त्यांना या रांगेचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसता. फरक इतकाच, की या रांगेतले बहुतेक लोक त्या जुन्या लेखांत "सेलवढकी"च्या रकान्यात गेले असते. इथे स्तूप त्यांच्या माणसाचा आहे.

एक व्यवहाराची सूचना करून बसतो. कान्हेरीला जायचे असेल तर सकाळच्या लोकलने दादरला बदलून बोरिवली गाठावी, उन्हाच्या आत वर पोचावे, आणि निर्वाणवीथी विचारत विचारत जावे. विटांवर बसू नये. त्या कोणाच्या तरी अस्थींवरच्या आहेत. शक्य झाले तर सोबत दगडाच्या धंद्यातला माणूस न्यावा. मी एकदा एका वडार मित्राला घेऊन गेलो होतो. चैत्यगृहात तो मूर्तींकडे बघेना. एका लहान, अर्धवट राहिलेल्या खोलीत मात्र तो थबकला. भिंतीवरच्या टाकीच्या रेघांवरून त्याने अंगठा फिरवला, एक रेघ, दुसरी, तिसरी, मग मला बोलावून म्हणाला, "ही बघा, इथवर टाकी चांगली चालली. इथून पुढं भोथरी झाली. कोरणाऱ्यानं तशीच रेटलीय. लोहार वेळेवर आला नसणार."